बाब्या, कार्टं आणि पंच

क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय पंचाची खरी परीक्षा पाहतो. चेंडू पॅडवर अडला नसता तर यष्ट्यांवर गेला असता का, म्हणजे जे घडलंच नाही ते क्षणात ठरवायचं असतं. कसोटी क्रिकेटमध्ये अनेक दशकं हे काम यजमान देशाचेच पंच करत आणि पाहुणे संघ त्यांच्या नावाने बोटं मोडत मायदेशी परतत. या तक्रारींना कंटाळून इम्रान खानच्या पुढाकाराने पाकिस्तानने १९८६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीसाठी भारतातून व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर यांना पाचारण केलं. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच त्रयस्थ देशाचा असावा असा दंडक झाला आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ आले. संशोधकांना यातून आयताच एक प्रयोग मिळाला. ब्रिटनमधल्या अर्थतज्ज्ञांनी १९८६ ते २०१२ या काळातल्या हजार कसोटींमधले पायचीतचे निर्णय तपासले. दोन्ही पंच यजमान देशाचे असताना पाहुणे फलंदाज जास्त प्रमाणात पायचीत दिले जात होते. एक पंच त्रयस्थ आल्यावर हा फरक कमी झाला आणि दोघेही त्रयस्थ आल्यावर तो उरलाच नाही. प्रेक्षकांच्या आरडाओरड्यामुळे पंच बिचकत असतील म्हणावं, तर तोच आरडाओरडा त्रयस्थ पंचांच्याही कानावर पडत होता. मैदान, नियम आणि गर्दी तीच राहिली होती. बदललं होतं ते फक्त पंचाचं ‘आपण कुणाचे’ हे नातं.

हे पंच लबाड होते असं मानण्याचं कारण नाही. उभी हयात ज्यांनी नियमपुस्तकावर काढली, त्यांच्याकडून हे घडत होतं, आणि त्यातल्या बहुतेकांना ते जाणवलंही नसेल. म्हणूनच हे उदाहरण सर्वांना लागू पडतं. आपण माणसांविषयी मतं बनवतो तेव्हा आधी वस्तुस्थिती नीट पाहतो आणि पूर्वग्रह असलाच तर तो नंतर त्यात मिसळतो, असा आपला समज असतो. पुरावे वेगळं सांगतात. गटाची ओळख आणि मनात मुरलेल्या समजुती निर्णयाच्या शेवटी येत नाहीत. काय दिसतं आणि दिसलेल्याचं कारण काय लावलं जातं, इथूनच त्यांचं काम सुरू होतं. त्यामुळे चांगुलपणा, शिक्षण आणि निष्पक्ष राहण्याचा निश्चय एवढ्या शिदोरीवर भागत नाही. न्याय हवा असेल तर तशी पद्धत आखावी लागते. हे का, ते क्रमाने पाहू.

सुरुवात नजरेपासून करू. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये अमेरिकी फुटबॉलचा सामना झाला. खेळ धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला आणि नंतर कितीतरी दिवस दोन्हीकडची विद्यार्थी-वृत्तपत्रं एकमेकांवर तुटून पडली. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी सामन्याची फिल्म दोन्ही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि दिसतील तेवढे नियमभंग टिपायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दोन्ही संघांचे नियमभंग जवळपास सारखेच दिसले, सरासरी चारच्या थोडे वर. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे चारच्या आसपास दिसले आणि डार्टमथचे जवळजवळ दहा. फिल्म एकच होती. इथे कुणाची नोकरी पणाला लागली नव्हती, निकालही बदलणार नव्हता. तरीसुद्धा मोजणीतच दुपटीचा फरक पडला. मत मागितलं असतं तर मतभेद समजण्यासारखा होता. इथे मागितली होती नुसती मोजदाद.

एवढी ओढ निर्माण व्हायला गट किती जुना किंवा घट्ट असावा लागतो? हेन्री ताजफेल यांनी हा प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला आणि त्याला कारणही होतं. ते पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या कैदेत सापडले. पोलंडचे ज्यू म्हणून ओळख पटली असती तर ते वाचले नसते. फ्रेंच युद्धकैदी म्हणून ते तगले. घरी परतले तेव्हा जवळची माणसं उरली नव्हती. पुढे ब्रिस्टलमध्ये असताना त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला, तो १९७०-७१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवून कुणाला कोणतं आवडलं यावरून दोन गट पाडल्याचं सांगितलं. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकून करावी तशी होती. स्वतःचा गट सोडला तर बाकी कोण कोणत्या गटात हे मुलांना ठाऊक नव्हतं, गटांचं आपसात बोलणं नव्हतं, भांडण तर नव्हतंच. मग प्रत्येकाने, नावं न कळता फक्त गट कळलेल्या इतर दोघांमध्ये थोडे पैसे वाटायचे होते. त्यातून स्वतःला काही मिळणार नव्हतं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढची आहे. आपल्या गटाला जास्तीत जास्त मिळण्यापेक्षा दुसऱ्या गटाशी अंतर जास्तीत जास्त राहावं, याकडे अनेकांचा कल दिसला. त्यासाठी आपल्या गटाचे चार पैसे कमी झाले तरी चालत होतं.

नजर आणि ओढ यांच्यानंतर येतं कारण लावणं, आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण आपण घराघरांत वापरतो. मानसशास्त्राने तिचं अंतरंग उलगडून दाखवलं आहे. डोनाल्ड टेलर आणि वैष्णा जग्गी यांचा १९७४ चा अभ्यास दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांवर केलेला आहे. त्यांना काही साधे प्रसंग वाचायला दिले: दुकानदार सचोटीने वागतो किंवा फसवतो, कुणी जखमी माणसाला मदत करतो किंवा दुर्लक्ष करून निघून जातो. कधी ती व्यक्ती हिंदू होती, कधी मुसलमान. हिंदू व्यक्तीच्या चांगल्या कृतीचं श्रेय तिच्या स्वभावाला मिळालं आणि वाईट कृतीचा दोष परिस्थितीला गेला. मुसलमान व्यक्तीच्या बाबतीत हे उलट होण्याकडे कल होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीची तपशीलवार मांडणी केली. तिचा अर्थ गंभीर आहे. दुसऱ्या गटातला माणूस वाईट वागला की आपली समजूत पक्की होते; चांगला वागला की तो ‘अपवाद’ ठरतो आणि समजूत तशीच राहते. म्हणजे कोणताही अनुभव आला तरी समजुतीला धक्का लागत नाही. ‘मी अनुभवावरून बोलतो’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याचा अनुभवच एका बाजूने गाळून आलेला असतो.

मात्र ही सगळी आपल्या गटाच्या मायेची गोष्ट आहे, असं म्हणून थांबणं अपुरं ठरेल. मलेशियातल्या मलय आणि चिनी लोकांवर १९८५ मध्ये असाच अभ्यास झाला. मलय लोकांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. चिनी अल्पसंख्याकांनी तसं दिलं नाही. भारतात रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासायला दिल्या आणि प्रत्येकीवर विद्यार्थ्याची जात चिठ्ठीने ठरवून लिहिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खालच्या मानलेल्या जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण पडले, आणि हे कमी गुण प्रामुख्याने त्याच स्तरातून आलेल्या परीक्षकांनी दिले होते. यावरून उच्चजातीयांना निर्दोषत्वाचा दाखला देणं चूक ठरेल. एका विशिष्ट परिस्थितीतला हा निष्कर्ष आहे. पण एक गोष्ट त्यातून दिसते. समाजात कोण लायक आणि कोण कमी, याविषयीच्या समजुती इतक्या खोल मुरतात की ज्यांच्यावर त्या लादल्या तेही त्याच मापाने मोजू लागतात. गटाची ओढ हा एक प्रवाह झाला. समाजाने पढवलेली उतरंड हा दुसरा. बहुतेक वेळा हे दोन्ही एकत्र वाहतात आणि तेव्हा त्यांचा जोर दुणावतो.

या जोराची किंमत कोण मोजतं? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००५ पासून वृत्तपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या साडेपाचशेच्या आसपास जाहिरातींना पावणेपाच हजारांहून अधिक अर्ज पाठवले. अर्जातली पात्रता तोलामोलाची होती. कुठे आडनावावरून उमेदवार उच्चवर्णीय वाटे, कुठे दलित, कुठे नावावरून मुस्लिम. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांशाच्या आसपास होती आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांशाच्या. अर्ज चाळणाऱ्या प्रत्येकाने मनात वैर बाळगलं असेल असं नाही. ‘हा आपल्या टीममध्ये रुळेल का’ एवढाच निरुपद्रवी वाटणारा प्रश्न त्याला पडला असेल. पण त्या प्रश्नाचं उत्तर आडनाव वाचतानाच तयार झालं होतं, शिक्षण आणि अनुभवाच्या रकान्यांपर्यंत नजर पोहोचण्याआधी.

काही वेळा ही किंमत नोकरीवर थांबत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली, सोलापूर जिल्ह्याकडून भिक्षेसाठी फिरत आलेली माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. त्यांच्यातल्या कुणी एका लहान मुलीशी बोलल्याचं निमित्त झालं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथेही मारहाण थांबली नाही. आता कृती तेवढीच वेगळी काढून पाहा. बाजारात मोठा माणूस लहान मुलीशी बोलतो. तो शेजारचा असेल तर ते कौतुक ठरतं, अनोळखी वेशातला भटका असेल तर अपहरणाचा प्रयत्न. जमावाला दिसलं ते कृतीतून आलं नव्हतं, माणूस कोण आहे यातून आलं होतं. आणि भटक्यांविषयीचा हा संशय आपोआप उगवलेला नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावर पोलिसांची हजेरी लादली, पुढे तारेच्या कुंपणाआड वसाहतींत कोंडलं. सोलापूरची वसाहत त्यांतलीच. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, समजूत झाली नाही. चोरी झाली की पारध्यांच्या पालांवर आधी धाड पडते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: हे अडाण्यांचं, जमावाचं वागणं आहे, शिकलेला, आकडे समजणारा माणूस असं करत नाही. येल विद्यापीठातल्या डॅन कहान यांनी सहकाऱ्यांसोबत हजाराहून अधिक अमेरिकी लोकांवर हा आक्षेप तपासला. काहींना त्वचेच्या मलमाच्या परिणामांचं कोष्टक दिलं. काहींना तेच आकडे, पण बंदूकबंदीमुळे गुन्हे वाढले की घटले या विषयाच्या नावाखाली दिले. मलमाच्या कोष्टकात गणिताची समज चांगली असलेल्यांनी बरोबर उत्तरं काढली. बंदुकीच्या कोष्टकात मात्र आकडे आपल्या राजकीय मताला सोयीचे असतील तेव्हाच त्यांची समज नीट चालली. सर्वांत मोठी दरी गणितात हुशार असलेल्यांमध्येच पडली. बुद्धी ही वकिलासारखी कुणाच्याही बाजूने उभी राहू शकते. आपल्या गटाची बाजू मांडायला ती बसली की निष्णात वकील अधिक पटण्याजोगी कारणं शोधून काढतो, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गटांविषयीच्या समजुतींत काही तथ्य असतंच की नाही? असू शकतं. गटागटांत सरासरीचे फरक असतात आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण सरासरी ही गटाची असते आणि न्याय एका माणसाचा करायचा असतो. त्या माणसाबद्दल काहीच ठाऊक नसेल तेव्हा सरासरीचा आधार घेतला जाणं समजू शकतं. शिक्षण, अनुभव आणि काम समोर मांडलेलं असताना ते बाजूला सारून सरासरीकडे वळणं ही तर माहिती टाकून देण्याची पद्धत झाली. शिवाय ताजफेल यांच्या प्रयोगातल्या गटांना इतिहास नव्हता, सरासरीही नव्हती. पक्षपात तरीही हजर होता. म्हणजे तो अनुभवातूनच जन्मतो हे खरं नाही. पुष्कळदा तो आधी येतो आणि मग अनुभव गोळा करतो.

तिसरा आक्षेप असा की आपल्या माणसांविषयी आपुलकी हा दोष नाही. अगदी मान्य. आपुलकी नसती तर सहकारी संस्था, कामगार संघटना, परगावी आलेल्या विद्यार्थ्यांसाठी बांधलेली वसतिगृहं उभी राहिली नसती. परंतु आपल्यासाठी झटणं आणि दुसऱ्याचा निवाडा करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत झुकतं माप चालतं, दुसरीत ते अन्याय ठरतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या न दिलेल्या भाषणात नेमकं याच ठिकाणी बोट ठेवलं होतं: जातीने माणसाची निष्ठा, सहानुभूती आणि दुसऱ्याच्या गुणांची कदर जातीच्या कुंपणात अडकवली, आणि त्यातून सार्वजनिक वृत्ती खुंटली, असं त्यांचं प्रतिपादन होतं. प्रेमाला त्यांचा विरोध नव्हता. प्रेमाच्या हद्दीला न्यायाची हद्द मानण्याला होता.

चौथी शंका उलट्या बाजूने येते. सगळ्यांचीच नजर झुकलेली असेल तर खरंखोटं कुणी ठरवायचं? दोन्ही बाजू सारख्याच म्हणून सोडून द्यायचं का? हा निष्कर्ष सोपा आहे आणि घातकही. प्रिन्स्टनच्या सामन्यात नियमभंगांची खरी संख्या काहीतरी होतीच. प्रेक्षकांचं एकमत झालं नाही म्हणून ती नाहीशी होत नाही. राईनपाड्याला तर दोन बाजू नव्हत्या. पाच निरपराध माणसं होती आणि त्यांना मारणारा जमाव होता. उलट त्रयस्थ पंचांचा दाखला हेच सांगतो की चूक मोजता येते, आणि व्यवस्था बदलली तर ती कमी होते.

म्हणून उपायही व्यवस्थेतच शोधले पाहिजेत. पहिला उपाय आपल्या ओळखीचा आहे. दहावी-बारावीची उत्तरपत्रिका परीक्षकापुढे नावाविना येते. आडनावाने गुण ठरू नयेत यासाठी आपण ही काळजी घेतो, तर अर्जांच्या पहिल्या चाळणीत का घेऊ नये? मुलाखतीत प्रत्येकाला तेच प्रश्न, आधी लिहून ठेवलेले निकष आणि प्रत्येक निकषाला वेगळे गुण, एवढ्यानेही मोघम ‘पटला नाही’ला जागा कमी उरते. कुणी म्हणेल, मग आरक्षण आणि जातनिहाय गणना कशाला? यात विसंगती नाही. एका माणसाच्या कामाचा निवाडा करताना ओळख झाकावी. सगळ्या निवाड्यांचा मिळून परिणाम न्याय्य आहे का हे तपासताना ती मोजावी. यजमान आणि पाहुणे असे वेगळे रकाने केले नसते तर पायचीतमधला पक्षपात उघडच झाला नसता.

दुसरा उपाय सहवासाचा, पण कोणत्याही सहवासाचा नव्हे. मॅथ्यू लोव या अर्थतज्ज्ञाने उत्तर प्रदेशात १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटच्या साखळी स्पर्धांचा प्रयोग केला. कुणाला मिश्र जातींच्या संघात टाकलं, कुणाला एकाच जातीच्या. कुणाच्या समोर दुसऱ्या जातीचे प्रतिस्पर्धी आले. एका संघात खेळलेल्यांमध्ये जातीपलीकडची मैत्री वाढली. नुसते प्रतिस्पर्धी म्हणून भेटलेल्यांमध्ये परिणाम उलट दिशेने गेला. दिल्लीत २००७ पासून खाजगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. गौतम राव यांनी तिथे पाहिलं की गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं अधिक उदार झाली, भेदभाव कमी करू लागली आणि त्यांच्या अभ्यासाचं फारसं बिघडलं नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांकडे आपण या नजरेने पाहायला हवं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी शाळेजवळच्या खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली. त्या जागा गरीब मुलांइतक्याच त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मुलांच्याही गरजेच्या आहेत.

राहता राहिला प्रत्येकाचा स्वतःशी होणारा निवाडा, जिथे पंच बोलावता येत नाही. तिथेही पद्धत उपयोगी पडते. चार्ल्स लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये फाशीच्या शिक्षेवर ठाम मतं असलेल्या लोकांना त्या विषयावरचं संशोधन वाचायला दिलं. काहींना ‘निःपक्षपाती राहा’ असं बजावलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. काहींना सांगितलं की प्रत्येक पायरीला स्वतःला विचारा, निष्कर्ष उलटा निघाला असता तर हीच पद्धत मला पटली असती का? त्यांचा पक्षपात लक्षणीयरीत्या कमी झाला. उपदेशाने जे साधलं नाही ते एका नेमक्या प्रश्नाने साधलं. कुणाविषयी संताप दाटून आला, एखादा व्हिडिओ पुढे पाठवावासा वाटला, एखाद्याला घर भाड्याने नाकारावंसं वाटलं, की त्या माणसाच्या जागी आपल्यातलं एक नाव घालून तोच प्रश्न विचारावा: यानेच हे केलं असतं तर मी काय म्हणालो असतो? उत्तर बदललं तर आपण कृतीचा न्याय करत नव्हतो, आडनावाचा करत होतो, आणि तो निर्णय मागे घेणं आपलं कर्तव्य आहे.